सोमवारचा सौदा

श्रेया: आई, हे काका तुम्हाला भेटायचं म्हणतायत. तुमच्या गिरगावच्या शेअरच्या ऑफिसमधले आहेत. मी सांगितलं त्यांना की तुम्ही ते सगळं केव्हाच बंद केलंय, तरी...

उर्मिला: वेलकर. या, आत या.

मनमोहन: फोन न करताच आलो. चालेल ना?

श्रेया: काका, प्लीज राग मानू नका, पण टिप्स, स्कीम असलं काही नको हं. सिद्धार्थला अजिबात चालत नाही.

मनमोहन: नाही, तसल्या कामासाठी नाही आलो मी.

उर्मिला: श्रेया, हे मनमोहन वेलकर. साडेतीन वर्षं माझ्या शेजारच्या खुर्चीत बसायचे. पोर्ट ट्रस्टमधून हेडक्लार्क म्हणून रिटायर झालेले. हे कसली टिप देतायत, माझ्याइतकेच पोळलेले आहेत.

श्रेया: ओके. मग बसा, मी चहा टाकते. तीनला माझा कॉल आहे, तोपर्यंत मी आहेच.

उर्मिला: बसा ना. त्या खुर्चीवर नको, ती श्रेयाची कामाची आहे, नुसती गरगर फिरते. इथे पलंगावर बसा. किती वाळलात हो.

मनमोहन: तुम्ही केस रंगवायचं सोडलंत.

उर्मिला: कुणाला दाखवायचे? सकाळी सिद्धार्थ जातो, ही बाहेरच्या खोलीत लॅपटॉपपुढे. मी आणि ही खिडकी.

मनमोहन: खोली छान आहे. उजेड आहे भरपूर.

उर्मिला: आहे. बाथरूमही आतच आहे.

मनमोहन: हं.

उर्मिला: सगळं आहे. लिफ्ट आहे, पाणी चोवीस तास. मासळी तेवढी येत नाही घरात. श्रेयाच्या माहेरी कुणी खात नाही, तिला वास सोसत नाही. तिचा दोष नाही तो. पण इथे आल्यापासून करंदीचं भानोलं केलेलं नाही मी.

मनमोहन: मीही खाल्लेलं नाही. तुमच्या डब्यातलं शेवटचं.

उर्मिला: वेलकर, एक विचारू? सावरलात का?

मनमोहन: कशातून?

उर्मिला: असं नका करू. माझ्यापुढे कसली लाज? एकाच दिवशी बुडालो आपण. मला निदान सिद्धार्थ तरी आहे उचलून आणायला. तुमची मुलगी तिकडे लांब. मला झोप लागायची नाही हो. एफडी मोडून नेहमीच्या दहापट लावायचं खूळ माझ्या डोक्यातलं. तुम्ही कधी इतकं लावलं नसतंत. मी म्हटलं, मी घेते, आणि तुम्ही म्हणालात, मग मीही घेतो. तेव्हाच तुम्हाला अडवायला हवं होतं मी. पेन्शनवरचा माणूस.

मनमोहन: उर्मिलाबाई...

उर्मिला: बोलू द्या मला. दोन वर्षं होत आली, हे बोलायचं राहिलंय. मी तुम्हाला खड्ड्यात घातलं आणि साधा फोनही केला नाही. धीरच होईना. काय बोलणार? माफ करा म्हणायचं आणि फोन ठेवायचा?

मनमोहन: आपल्या ऑफिसवाल्या हितेंद्रला करायचात ना फोन. दर महिन्याच्या एक तारखेला.

उर्मिला: त्यानं सांगितलं? त्याला बजावलं होतं मी.

मनमोहन: इतके महिने नाही सांगितलं त्यानं. शुक्रवारी सांगितलं. म्हणाला, काका, आता ऑफिसच राहणार नाही तर कशाला पोटात ठेवू. उर्मिलाकाकी विचारायच्या, वेलकर येतात का, बरे दिसतात का, मोठा सौदा तर करत नाहीत ना.

उर्मिला: ऑफिस राहणार नाही म्हणजे?

मनमोहन: बंद झालं. हितेंद्र कुठल्याशा विमा कंपनीत लागतोय. जो तो फोनवर करतो आता सगळं, ऑफिसात येऊन बसतंय कोण? शेवटी शेवटी आम्ही चार म्हातारेच उरलो होतो. ठाकूरद्वारचं भाडं काय चार म्हाताऱ्यांच्या दलालीतून निघणार? शुक्रवारी साडेतीनला बाजार बंद झाला आणि त्यानं टीव्हीची वायर काढली. त्याचे वडील आले होते घोडपदेवहून, कुशाबा. सामान उचलायला.

उर्मिला: माझी खुर्ची? खिडकीकडची?

मनमोहन: गेली सगळ्यांबरोबर. पण तिच्यावर कुणी बसलं नाही तुमच्यामागे. म्हणजे, मी बसू देत नव्हतो. डायरी ठेवायचो तिच्यावर.

उर्मिला: तुमची ती लाल डायरी. भाव टिपायची. हसताय काय?

मनमोहन: हसत नाही. उर्मिलाबाई, मी शनिवारी बडोद्याला जातोय. मुलीकडे, अनुजाकडे, कायमचा. मुगभाटातली खोली सोडली. जायच्या आधी तुम्हाला एक सांगायचंय, म्हणून आलो. याआधी दोनदा आलो होतो इथपर्यंत. खाली वॉचमननं विचारलं, कुणाकडे जायचंय, आणि मी तसाच परत फिरलो.

उर्मिला: इतकं काय सांगायचंय?

मनमोहन: माझं काही गेलं नाही.

उर्मिला: कधी?

मनमोहन: त्या मंगळवारी. निवडणुकीच्या निकालाच्या दिवशी. एक रुपयाही गेला नाही माझा.

उर्मिला: म्हणजे तुम्ही आधीच बाहेर पडलात? सोमवारीच? आणि मला म्हणालात, धरून आहे?

मनमोहन: बाहेर पडायला आधी आत असावं लागतं. मी सौदा घेतलाच नव्हता.

उर्मिला: घेतला होतात. माझ्यासमोर फोनवर घेतलात. मी म्हटलं, वेलकर, झालं का? तुम्ही म्हणालात, झालं.

मनमोहन: फोनवर पंचांग उघडलेलं असायचं माझ्या. त्याच्यावर बोट फिरवायचो मी.

उर्मिला: काय बोलताय तुम्ही?

मनमोहन: माझं खातंच नव्हतं. कोविड आला तेव्हा मार्चमध्ये बाजार पडला ना, तेव्हाच माझं सगळं धुऊन निघालं. अनुजा आली, माझ्यासमोर बसून खातं बंद करवलं, शपथ घातली. ती शपथ मी पाळली. लॉकडाऊन उठल्यावर ऑफिस उघडलं तसा हितेंद्रकडे गेलो, म्हटलं, नुसता बसतो. सकाळी नऊला घरातून निघायची सवय, चाळीस वर्षांची. त्याचे फॉर्म भरून द्यायचो, म्हाताऱ्यांचे नॉमिनीचे कागद, सह्या. आणि मग दोन-तीन महिन्यांनी तुम्ही आलात.

उर्मिला: हे गेल्यावर वर्षानं आले मी.

मनमोहन: पांढरी साडी, निळा काठ. माझ्या शेजारी बसलात आणि विचारलंत, तुम्ही पुष्कळ वर्षं करता का हे? मी म्हटलं, हो. ते खोटं नव्हतं. मग तुम्ही म्हणालात, आज काय घेतलंत? आता त्यावर काय म्हणायचं, माझी मुलगी करू देत नाही?

उर्मिला: म्हणजे कधीच नाही? साडेतीन वर्षांत एकदाही नाही?

मनमोहन: एकदाही नाही. तुम्ही घेतलंत की मी म्हणायचो, मीही घेतलं. तुम्ही विकलंत की मी म्हणायचो, मीही सुटलो. डायरीत लिहायचो. तुमच्यापुढे आकडे चुकू नयेत म्हणून रात्री घरी पाठ करायचो.

उर्मिला: आणि नफा झाला की पियूष मागवायचात सगळ्यांना.

मनमोहन: ते पेन्शनचं होतं.

श्रेया: चहा. काका, साखर बेताचीच घातलीये, आईंच्या हिशोबाने. आई, काय झालं? चेहरा का असा झालाय?

उर्मिला: काही नाही. ठेव इथे.

श्रेया: काका, तुम्ही काही बोललात का त्यांना? नाही, सांगते तुम्हाला. त्या इथे आल्या ना, तेव्हा चार महिने खाली उतरल्या नव्हत्या. टीव्हीवर खालून ते आकडे सरकायला लागले की उठून आत जायच्या. आम्ही न्यूज बघणं बंद केलं. आत्ता कुठे जरा बाहेर पडायला लागल्यात. म्हणून म्हणतेय.

मनमोहन: बरं केलंत सांगितलंत.

उर्मिला: श्रेया, तू तुझा कॉल घे. मी ठीक आहे. मला बोलायचंय ह्यांच्याशी.

श्रेया: दार उघडं ठेवते.

उर्मिला: हितेंद्रला माहीत होतं?

मनमोहन: हो. त्याला न कळून कसं चालेल? पण त्याला वाटायचं, म्हाताऱ्याचा विरंगुळा आहे. कुणाचं काय जातंय.

उर्मिला: माझं गेलं.

मनमोहन: हो.

उर्मिला: थांबा. मला नीट आठवू द्या. सोमवारी बाजार उघडताच मी सौदा घेतला, आणि भाव चढतच गेला. अकरापर्यंत माझ्या बाथरूमचे पैसे सुटले होते. सिद्धार्थ सारखा मागे लागलेला, आई, तुझं वय काय, रात्रीबेरात्री गॅलरीच्या टोकाला संडासाला जातेस, पडलीस म्हणजे? म्हटलं, आतच बांधून घेते बाथरूम. मग बघू कसा नेतो मला इथे दादरला. कंत्राटदाराशी बोलून ठेवलं होतं मी. आणि तेवढे पैसे सोमवारी अकराला समोर होते, टीव्हीवरच्या भावांच्या पाटीवर हिरवे.

मनमोहन: त्याहून थोडे जास्तच होते.

उर्मिला: मी हितेंद्रला म्हटलं, विकून टाक रे. माझा नेम होता. साडेतीनला हात रिकामे. सौदा रात्री घरी न्यायचा नाही. साडेतीन वर्षं पाळला मी तो. आणि तुम्ही म्हणालात...

मनमोहन: मी म्हणालो, मी तर उद्यापर्यंत धरणार.

उर्मिला: म्हणालात, उद्या निकाल आहेत, उद्या आणखी चढेल. म्हणालात, एक दिवस थांबा, बाई, मी आहे ना बरोबर.

मनमोहन: हो.

उर्मिला: आणि मंगळवारी सकाळी? उघडला तोच खाली. मी तुमच्याकडे बघितलं. विचारलं, वेलकर, तोटा घेऊन कापू का? तेव्हा निम्मे तरी वाचले असते.

मनमोहन: मी म्हटलं, मी नाही कापत.

उर्मिला: का? तेव्हा तरी का?

मनमोहन: तेव्हा खरं सांगायला हवं होतं. तोंड उघडलं आणि तेच निघालं. वाटलं, वर येईल परत. तासाभरात येईल, मग काहीच सांगावं लागणार नाही. तुम्ही माझ्या हातातला पेन काढून घेतलात आणि तो दाबत बसलात, टकटक, टकटक. साडेअकराला हितेंद्र म्हणाला, काकी, मार्जिनचे भरलेले पैसे संपले, मोठ्या ऑफिसनं वरून सौदा कापला. तुम्ही पेन परत दिलात. म्हणालात, वेलकर, तुमचं अजून राहिलंय का? देव करो आणि तुमचं तरी राहो. आणि पर्स उचलून गेलात.

उर्मिला: जिना कसा उतरले ते आठवत नाही मला.

मनमोहन: मी खिडकीतून बघत होतो. तुम्ही रस्ता ओलांडलात आणि तुमच्या वाडीच्या तोंडाशी थांबलात. आत जाईनात. फूलवाल्याच्या बाकड्यावर बसलात. मी खाली यायला हवं होतं.

उर्मिला: चौथ्या दिवशी बाजार होता तिथे आला परत. सिद्धार्थनं सांगितलं मला. तीन दिवस, आई, तीन दिवस कळ काढायची होती. तो रागानं नव्हता बोलला. पण त्यानंतर मी कुठल्या तोंडानं म्हणणार होते की मला गिरगावातच राहायचंय? एफडी गेली, बाथरूम गेलं. खोली भाड्यानं दिली. आता कुणी बँकेतली मुलं राहतात तिथे. माझ्या ओट्यावर चहाची भांडी ठेवतात.

मनमोहन: मी जातो तिथून. कधी कधी.

उर्मिला: मला सोमवारचं सांगा. मंगळवारचं कळलं मला, घाबरलात. माणूस घाबरतो. सोमवारी कशाला? अकरा वाजता, सगळं हिरवं असताना. तुमच्या खिशातलं काही जाणार नव्हतं, येणार नव्हतं. मग मी विकू नये असं तुम्हाला का वाटलं?

मनमोहन: तुम्ही काय म्हणालात ते आठवतं का? विकून टाक म्हटल्यावर?

उर्मिला: काय म्हणाले?

मनमोहन: म्हणालात, विकून टाक रे हितेंद्र, झाले माझे बाथरूमचे. आता पुरे. आता मी थांबते.

उर्मिला: मग?

मनमोहन: मग काही नाही. थांबते म्हणालात. नफा लवकर सुटला की तुम्ही अकराला उठून जायचात. चारशे सुटले, उठलात. मग साडेतीनपर्यंत मी त्या रिकाम्या खुर्चीशेजारी. ते चालायचं, कारण उद्या सव्वानऊला येणार हे माहीत असायचं. त्या दिवशी तुम्ही थांबते म्हणालात. मी हिशोब केला, आज विकलंत तर उद्या येणार नाही. धरलंत तर उद्याचा एक दिवस येणार. एवढाच हिशोब केला मी. एक दिवस.

(बाहेरच्या खोलीतून श्रेयाचा कॉलवरचा आवाज येत राहतो.)

उर्मिला: चहा प्या. गार झाला.

मनमोहन: राहू दे.

उर्मिला: प्या म्हणते ना. टाकून दिला तर ती विचारेल.

मनमोहन: मी काही मागायला नाही आलो. माफीसुद्धा नाही. तुम्ही माझ्यासाठी झुरत होतात, माझी काळजी करत होतात, हे शुक्रवारी कळलं आणि मला अन्न जाईना. म्हटलं, निदान तेवढं तरी ओझं काढून घ्यावं. तुम्ही मला बुडवलं नाहीत. तुमच्याकडून काही चुकलं नव्हतं.

उर्मिला: ओझं कसलं काढताय? तेवढंच तर होतं माझ्याकडे.

मनमोहन: म्हणजे?

उर्मिला: तुम्हाला वाटत असेल मी पैशासाठी रडले. पहिले आठ दिवस रडले. मग नाही. मग मी इथे पडून असायचे आणि विचार करायचे, वेलकर आत्ता काय करत असतील? जेवले असतील का? त्यांना बोलायला कोण आहे? सिद्धार्थ समजूत घालायचा, पण त्याला काय कळणार? समजूत घालणारा काठावर असतो. मला वाटायचं, एक माणूस आहे ह्या मुंबईत जो माझ्याबरोबर त्याच पाण्यात आहे. त्यालाच माहीत आहे पेन दाबत बसलं की कसं वाटतं. एक तारखेची वाट बघायचे मी. हितेंद्र म्हणायचा, आहेत काका, बरे आहेत, की तो महिना निघायचा माझा. आणि तुम्ही काठावर. पंचांग बघत.

मनमोहन: मी काठावर नव्हतो, उर्मिलाबाई. सौदा नव्हता एवढंच.

उर्मिला: शब्दांशी खेळू नका.

मनमोहन: नाही खेळत. तुमचा भाव खाली आला की मी पाटीवरून नजर काढायचो नाही. तुमचे चारशे सुटले की घरी जाऊन मी देवापुढे दिवा लावायचो. तुमच्या घरच्या गौरीला तुम्ही चार दिवस आला नाहीत, तेव्हा बाजार किती चढला किती पडला, मला विचारा, एक आकडा सांगता येणार नाही. माझी बायको गेली त्याला एकोणीस वर्षं झाली. मी माणसांत बसणारा माणूस नाही. ऑफिसात सगळे पाटीकडे तोंड करून बसतात, एकमेकांकडे कुणी बघत नाही. मला ते बरं वाटायचं. एखाद्याच्या शेजारी दिवसभर बसायचं आणि काही बोलावं लागत नाही. बसलो ते खोटं नव्हतं.

उर्मिला: एकदा तरी सांगायचं होतं मला. पहिल्या महिन्यात. की माझं खातं नाही, मी नुसता बसतो.

मनमोहन: तुम्ही काय म्हणाला असतात?

उर्मिला: काय म्हणणार? म्हटलं असतं, बसा. मलाही कुठे शेअर बाजार कळत होता? हे गेले आणि घर खायला उठायचं. कीर्तनाला जाऊन बघितलं, तिथल्या बायका मला बघून आवाज खाली करायच्या. हितेंद्रच्या ऑफिसात कुणी कीव करायचं नाही. सगळ्यांच्या नजरा पाटीवर. तुम्ही म्हणताय तेच. ते चारशे रुपये म्हणजे तिथे बसायचं तिकीट होतं हो. नुसतंच कसं जाऊन बसणार? बाईमाणूस. कारण लागतं.

मनमोहन: पण त्या दिवशी तुम्ही थांबते म्हणालात.

उर्मिला: म्हणाले असेन. बरा नफा झाला की मी म्हणायचीच. गणपतीच्या आधी म्हटलं होतं, आठवतं? त्याच्या आदल्या दिवाळीत म्हटलं होतं. पुरे आता, थांबते. आणि सोमवारी पुन्हा डबा घेऊन तुमच्या शेजारी.

मनमोहन: या वेळी वेगळं वाटलं मला. आवाज वेगळा होता.

उर्मिला: आनंदाचा होता तो आवाज. बाथरूम होणार म्हणून. आता माझं घर माझंच राहणार म्हणून. आवाज ओळखला नाहीत तुम्ही. साडेतीन वर्षं शेजारी बसून.

मनमोहन: नाही ओळखला.

उर्मिला: मी आले असते, वेलकर. फार तर आठ दिवस बांधकामाकडे लक्ष दिलं असतं. मग आले असते. दुसरीकडे कुठे जाणार होते मी? सौदा नसता केला तरी आले असते. तुम्ही नुसतं म्हटलं असतंत ना, बाई, उद्या या, तरी आले असते.

मनमोहन: एवढंच म्हणायचं होतं मला.

उर्मिला: मग तेवढंच म्हणायचं.

श्रेया: आई, माझा कॉल झाला. काका, तुम्हाला कॅब बोलवून देऊ का? आत्ता गर्दी नाहीये, वीस मिनिटांत पोचाल गिरगावला.

मनमोहन: नको, मी बसनं जाईन. येतो, उर्मिलाबाई. आता काही बोलू नका. मला जे ऐकायचं ते ऐकलं मी, आणखी ऐकायची ताकद नाही.

उर्मिला: शनिवारी किती वाजता गाडी?

मनमोहन: दुपारची. अनुजाचा नवरा येतोय न्यायला.

उर्मिला: सामान बांधून झालं?

मनमोहन: एक ट्रंक आणि दोन पिशव्या. त्यात बांधायचं काय?

उर्मिला: मग शुक्रवारी रिकामेच असाल.

मनमोहन: असेन.

श्रेया: आई, शुक्रवारी तुमची डॉक्टरची अपॉइंटमेंट आहे.

उर्मिला: पुढच्या आठवड्यात घे ती. वेलकर, शुक्रवारी या इथे.

मनमोहन: कशाला? आता काय तोंड घेऊन येऊ?

उर्मिला: मला अजून राग आलेला नाही. घर गेलं माझं, वेलकर. तुमच्या एका दिवसापायी गेलं. राग येणार आहे मला, उद्या येईल, परवा येईल. तो मी ह्या खिडकीला ऐकवू का? तुम्ही समोर हवेत. बडोद्याला जाऊन बसलात तर मी कुणावर काढू?

मनमोहन: येतो.

उर्मिला: खोटं नको हं आता.

मनमोहन: नाही. शुक्रवारी येतो. किती वाजता येऊ?

उर्मिला: सकाळीच या. मला पुष्कळ वेळ लागेल.